चौकट की चिकित्सा? सिद्धान्त, संशोधन आणि पालघरची तीन साधने

(१)

मराठीतील पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या संशोधनात एक प्रथा आता पुरेशी स्थिरावली आहे. प्रबंधाचे पहिले किंवा दुसरे प्रकरण 'सैद्धान्तिक चौकट' या शीर्षकाखाली लिहिले जाते. त्यात ग्राम्शीचे धुरीणत्व, फुकोची सत्ता-ज्ञानमीमांसा, देरिदाची विरचना, स्पिवाक यांचा वंचितांच्या वाणीविषयीचा प्रश्न यांचा यथाशक्ती परिचय करून दिलेला असतो. त्यानंतरच्या प्रकरणांत मात्र विषयाची माहिती, आशयसूत्रे, व्यक्तिरेखा, भाषाविशेष आणि निष्कर्ष असा परिचित क्रम सुरू होतो. पहिल्या प्रकरणातील नावे शेवटच्या प्रकरणात पुन्हा एकदा भेटतात. मधल्या दोन-तीनशे पृष्ठांत त्यांचे काय झाले हे कळत नाही. असे पहिले प्रकरण प्रबंधातून काढून टाकले तर उरलेल्या विवेचनात नेमका कोणता फरक पडेल, हा प्रश्न विचारला असता बहुतेक वेळा मिळणारे उत्तर अडचणीचे असते.

या स्थितीवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया व्यक्त होतात. एक पक्ष म्हणतो की हा सिद्धान्तव्यवहार मुळातच परका असल्याने तो मराठी साधनांना लागू पडत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की तो पुरेशा काटेकोरपणे लावला जात नाही, एवढाच दोष आहे. या दोन्ही प्रतिक्रियांत एक गृहीतक समान आहे. सिद्धान्त ही आधीच तयार असलेली वस्तू असून ती साधनावर 'लावायची' असते, हे ते गृहीतक होय. वाद केवळ माप बसते की नाही याविषयीचा उरतो.

माक्स होर्कहायमर यांनी १९३७ साली पारंपरिक सिद्धान्त आणि चिकित्सक सिद्धान्त यांत जो भेद केला, तो नेमका या गृहीतकाशी संबंधित आहे. पारंपरिक सिद्धान्तव्यवहारात अभ्यासक एका बाजूला आणि अभ्यासविषय दुसऱ्या बाजूला उभा असतो. तथ्ये गोळा करून ती सामान्य विधानांखाली बसविणे हे त्याचे काम. चिकित्सक सिद्धान्त असे मानतो की तथ्य ज्या रूपात अभ्यासकासमोर येते ते रूप आणि अभ्यासकाची पाहण्याची रीत ही दोन्ही सामाजिक व्यवहारातूनच घडलेली असतात. म्हणून विषयाची चिकित्सा करताना त्या विषयाचे ज्ञान कसे घडले, कोणाच्या सोयीने घडले, आणि ते ज्ञान वापरणारा स्वतः कोठे उभा आहे याचीही चिकित्सा करावी लागते. या अर्थाने पाहिले तर 'सैद्धान्तिक चौकट' हा शब्दप्रयोगच होर्कहायमर ज्याला पारंपरिक म्हणतात त्या बाजूचा ठरतो. चौकटीत चित्र बसवतात. चित्रामुळे चौकट बदलत नाही.

अशी चिकित्सा मराठीला परकी आहे असेही म्हणता येत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या 'गुलामगिरी'त दशावताराच्या कथा आक्रमणाचा आणि दास्याचा इतिहास म्हणून उलटून वाचल्या. विजेत्यांनी रचलेल्या संहितेतून पराभूतांचा वृत्तान्त काढण्याची ही रीत वंचितांच्या इतिहासलेखनाची संज्ञा रूढ होण्यापूर्वी सुमारे शतकभर आधीची आहे. फुल्यांचे प्रत्येक व्युत्पत्तिविषयक विधान आज टिकते की नाही हा वेगळा प्रश्न. साधनाला त्याच्या कर्त्याच्या हितसंबंधांविषयी प्रश्न विचारण्याचा त्यांचा प्रघात मात्र पद्धतिशास्त्राचा प्रघात आहे.

तेव्हा सिद्धान्त लागू पडतो की नाही याची तात्त्विक चर्चा करण्यापेक्षा त्याने एखाद्या मर्यादित भूभागातील साधनांचे प्रत्यक्ष काय होते, हे पाहणे अधिक फलदायी ठरावे. त्यासाठी पालघर आणि बोईसर-तारापूर हा पट्टा येथे निवडला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात किनाऱ्यावरची मासेमारी गावे, वारली व इतर आदिवासींचा डोंगरपट्टा आणि त्यांच्यामध्ये औद्योगिक वसाहत व अणुवीज केंद्र अशी तीन जगे एकमेकांना खेटून आहेत. या तीनही जगांविषयीचे लेखन आहे आणि त्या लेखनातील प्रत्येक साधन सिद्धान्ताशी वेगळ्या रीतीने वागते.

(२)

पहिले साधन इंग्रजीतील आहे. डेव्हिड हार्डिमन यांचा 'द कमिंग ऑफ द देवी' हा ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेतील आदिवासींत पसरलेल्या देवी चळवळीचा तो अभ्यास आहे. अंगात आलेल्या माणसांच्या मुखाने देवी आज्ञा देत होती. दारू आणि ताडी सोडा, मांस-मासे खाऊ नका, रोज स्नान करा, घरे स्वच्छ ठेवा, मद्यविक्रेत्या पारशांशी संबंध तोडा, असे त्या आज्ञांचे स्वरूप होते. हार्डिमन यांनी या चळवळीचा माग उलट दिशेने काढला तेव्हा तो पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांच्या वस्तीपर्यंत येऊन पोहोचला. तेथे देवीच्या रोगाच्या साथीनंतर झालेल्या शांतविधीतून या लाटेचा उगम झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या चळवळीचे वाचन दोन सोप्या मार्गांनी होऊ शकले असते. सरकारी कागदांच्या मार्गाने गेल्यास ती भोळ्या लोकांच्या अंधश्रद्धेची एक लाट ठरते. समाजशास्त्रातील एम. एन. श्रीनिवास यांच्या संस्कृतीकरणाच्या संकल्पनेने वाचल्यास ती खालच्या स्तरातील समूहाने वरच्या स्तराच्या आचारांचे केलेले अनुकरण ठरते. दुसरे वाचन पहिल्यापेक्षा सुसंस्कृत आहे, तरीही दोन्ही वाचनांत आदिवासी स्वतःचा विचार करीत नाही. पहिल्यात तो भारलेला असतो, दुसऱ्यात तो अनुकरण करतो.

हार्डिमन यांनी विचारलेला प्रश्न असा की सोडायच्या गोष्टींत दारूच प्रथम का? हा प्रश्न विचारताच मुंबई इलाख्यातील १८७८ चा अबकारी कायदा दृष्टिपथात येतो. घरगुती मद्यनिर्मितीला बंदी, केंद्रित भट्ट्या, विक्रीचे मक्ते आणि त्या मक्त्यांबरोबर येणारी सावकारी व जमीनमालकी अशी साखळी त्यातून उभी राहिली होती. दारू सोडणे म्हणजे त्या साखळीची कडी तोडणे होते. वरच्या स्तराचे मूल्य उचलून त्याच स्तराशी निगडित असलेल्या आर्थिक सत्तेविरुद्ध वापरण्याची ही कृती अनुकरणाच्या चौकटीत मावत नाही. येथे सिद्धान्ताचे काम स्पष्ट दिसते. ज्या आचारांकडे धर्माच्या सदराखाली पाहिले जात होते, ते अर्थव्यवहाराच्या आणि सत्तासंबंधांच्या सदरात वाचण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. साधने बहुतांश तीच राहिली; त्यांना विचारलेला प्रश्न बदलला.

परंतु मराठी अभ्यासकासाठी हा ग्रंथ येथे संपत नाही. मराठीत 'देवी' हे रोगाचे नाव आहे. देवी येतात, देवी काढतात, तोंडावर देवीचे व्रण राहतात. रोग, त्याला आवर घालणारी देवता आणि अंगात येणारी शक्ती या तिन्हींसाठी एकच शब्द आणि 'येणे' हे एकच क्रियापद या भाषेत वापरले जाते. लस टोचणाऱ्या सरकारी माणसाचा व्यवहारही याच शब्दाने बोलला गेला. साथ, शांत, संचार आणि आज्ञा या टप्प्यांमध्ये बाहेरच्या वाचकाला ज्या उड्या दिसतात, त्या या भाषेच्या आतून पाहिल्यास उड्या राहत नाहीत. रोगावर जिची सत्ता, ती देवी रोजच्या जगण्याविषयीही आज्ञा देऊ शकते, ही संगती शब्दातच साठलेली आहे. इंग्रजी शीर्षकात 'देवी' हा शब्द तसाच ठेवलेला असला तरी त्या भाषेत तो केवळ देवतेचा वाचक उरतो.

याखेरीज ग्रंथाचा मुख्य भर दक्षिण गुजरातवर असल्याने पालघरचा किनारा त्यात प्रामुख्याने उगमस्थान म्हणून येतो. उगमानंतर या बाजूला काय घडले, मांगेला कोळ्यांच्या आणि शेजारच्या वारल्यांच्या स्मृतीत त्या वर्षाचे काय उरले, हा प्रश्न मराठी संशोधनाच्या वाट्याचा आहे. १९२२ साली एकाच इलाख्यात असलेला हा सलग पट्टा १९६० मध्ये दोन राज्यांत विभागला गेला. अभ्यासाचे विभाग, ग्रंथालये आणि भाषाही त्याप्रमाणे विभागल्या गेल्या. ज्ञानव्यवहाराच्या सीमा अशा रीतीने प्रशासनाच्या सीमांवरून आखल्या जातात, हे ओळखणे हाही चिकित्सेचाच भाग होय.

(३)

दुसरे साधन मराठीतील असून बहुसंख्य वाचकांना परिचित आहे. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुण्यातील उच्चवर्णीय सुशिक्षित कुटुंबातून आलेली, कायद्याची पदवी घेतलेली, भारत सेवक समाजाची पहिली स्त्री आजीव सदस्य झालेली एक कार्यकर्ती किसान सभेच्या कामासाठी उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीत जाते. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वेठ नाकारण्याचा निर्धार होतो. वेठबिगारी आणि लग्नगड्यांची पद्धत यांविरुद्ध वारली उभे राहतात. हा वृत्तान्त तिने पंचवीस वर्षांनंतर सांगितला आहे. के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी मानववंशशास्त्रीय ग्रंथही १९४५ सालचाच. एकाच वर्षी वारली एका पुस्तकात अभ्यासविषय झाले आणि झरीच्या माळावर कर्ते झाले, हा योगायोग संशोधकाने विसरू नये असा आहे.

परुळेकरांच्या पुस्तकावर मराठीत आदराने लिहिले गेले आहे आणि तो आदर योग्यच आहे. तथापि आदर हा वाचनाचा शेवट ठरू नये. रणजित गुहा यांनी १९८३ च्या आपल्या निबंधात बंडविरोधी गद्याचे तीन स्तर दाखविले. घटनेच्या वेळी लिहिलेले अहवाल आणि पत्रे हा पहिला. नंतर लिहिलेल्या अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि इतिहास हा दुसरा. काळाने दूर असलेल्या इतिहासकारांचे लेखन हा तिसरा. गुहांचा बोचरा मुद्दा तिसऱ्या स्तराविषयी आहे. बंडखोरांविषयी सहानुभूती असलेले राष्ट्रवादी वा डावे लेखनही बंडखोराची जाणीव स्वतःच्या मोठ्या कथानकात सामावून घेते आणि बंडखोर त्या कथानकाचा एक टप्पा होऊन राहतो.

या दृष्टीने शीर्षकाकडे पाहता येईल. 'जागा होतो' या क्रियापदात आधीची झोप गृहीत आहे. झोपलेल्याला कोणी तरी हाक मारावी लागते. हाक मारणारा आधीच जागा असतो. परंतु त्याच शीर्षकात 'माणूस' हाही शब्द आहे आणि तो वेगळ्या दिशेने ओढतो. ज्या व्यवस्थेत वारल्याला बैलाच्या जागी जुंपले जाई तेथे 'आदिवासी', 'शेतकरी' किंवा 'वारली' यांपैकी एकही शब्द न निवडता 'माणूस' म्हणणे, ही राजकीय निवड होती. एक शब्द जे देतो ते दुसरा शब्द काही अंशी काढून घेतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकात 'आदिवासींचे बंड' आले, म्हणजे झोपही गेली आणि माणूसही गेला. शीर्षकांतील हा फरक केवळ अनुवादाचा प्रश्न नव्हे. जाणीव आणि कृती यांच्या नात्याविषयीच्या दोन भूमिका त्यात आहेत.

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती १० ऑक्टोबर १९४५ च्या तलवाड्याच्या गोळीबारापाशी. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. चळवळीच्या बाजूचा वृत्तान्त असा की बाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे अशी खोटी बातमी जमीनदारांच्या गोटातून पसरविण्यात आली; ती ऐकून हजारो आदिवासी लाठ्याकाठ्यांसह जमले; आणि हा जमाव हिंसेसाठी जमला आहे असे पोलिसांना कळविण्यात आले. कारस्थान उघड करणे ही त्या वृत्तान्ताची तातडीची राजकीय गरज होती आणि ती न्याय्य होती. मात्र या मांडणीत घटनेचे कर्तेपण कोणाकडे जाते? बातमी रचणाऱ्या जमीनदाराकडे आणि ज्यांच्या रक्षणासाठी लोक धावले त्या नेत्याकडे. धावणाऱ्यांच्या वाट्याला निष्ठा येते, विचार येत नाही.

अफवा हे शेतकरी बंडाचे एक मूलभूत अंग म्हणून वाचावे, असे गुहांनी दाखविले. त्यानुसार येथे विचारायचा प्रश्न बदलतो. बातमी खोटी कोणी केली, याच्या जोडीला ती एका रात्रीत इतक्या पाड्यांपर्यंत पोहोचली कशी, हेही विचारावे लागते. मुखोमुख निरोप पोहोचविण्याची, त्यावर विश्वास ठेवण्याची आणि त्यानुसार एकत्र निघण्याची यंत्रणा ज्यांच्याकडे होती त्यांनी ती कधी आणि कशी घडविली? झरीनंतरच्या पाच महिन्यांत किसान सभेने ती उभी केली, असे एक उत्तर संभवते. दुसरी शक्यताही तपासण्याजोगी आहे. तेवीस वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून निघालेला देवीचा आदेशही छापील कागदाशिवाय आणि संघटनेशिवाय गावोगाव गेला होता. या दोन घटनांत नाते आहे असे विधान आज करता येणार नाही. तसे करणे म्हणजे पुन्हा एकदा चौकट आधी आणि पुरावा नंतर असे होईल. सिद्धान्ताने प्रश्न दिला आहे. उत्तर पाड्यांवरील मौखिक परंपरेत, गाण्यांत आणि स्मृतिदिनाच्या कथनांत शोधावे लागेल, आणि १९४५ चे प्रत्यक्ष साक्षीदार जवळजवळ उरलेले नसल्याने ते कदाचित अपुरेच मिळेल.

याच ठिकाणी साधन सिद्धान्तालाही दुरुस्त करते. गुहांच्या वर्गीकरणातील दुसरा स्तर प्रामुख्याने सत्तेच्या बाजूने सहभागी असलेल्यांच्या आठवणींचा आहे. परुळेकरांचे पुस्तक काळाने त्याच स्तरातले, घटनेत सहभागी असलेल्या व्यक्तीची नंतरची आठवण आहे. पण ते बंडाच्या बाजूने लिहिलेले आहे. शिवाय त्यातील निवेदक स्त्री आपले सुरुवातीचे अज्ञान आणि परकेपणा लपवीत नाही. ती शिकविते तशीच शिकतेही. स्पिवाक यांनी १९८८ च्या निबंधात प्रतिनिधित्व करणे आणि चित्रण करणे या दोन क्रिया एकाच शब्दाआड मिसळून जातात, असा इशारा दिला. परुळेकर या नेत्या म्हणून पहिली क्रिया करतात आणि लेखिका म्हणून दुसरी. मात्र दोहोंमधील काळाचे अंतर पुस्तकात पुष्कळ ठिकाणी दिसून येते. बंडाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या, तरीही बंडखोर समूहाबाहेरून आलेल्या लेखकाचे गद्य हा स्वतंत्र प्रकार मानावा लागेल आणि त्यासाठी गुहांच्या वर्गीकरणात जागा करावी लागेल. मराठीत अशा कार्यकर्त्यांच्या आत्मकथनांची समृद्ध परंपरा आहे, म्हणून हे काम मराठी समीक्षेने करावे हे अधिक स्वाभाविक आहे.

स्मरणाच्या व्यवहाराविषयीही एक नोंद आवश्यक आहे. तलवाड्याच्या तीन वर्षे आधी, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघर येथे 'चले जाव' आंदोलनातील मोर्चावर गोळीबार होऊन पाच जणांना हौतात्म्य आले. त्यांचे स्मारक पालघर शहराच्या हुतात्मा चौकात आहे आणि तो दिवस गावाचा म्हणून पाळला जातो. तलवाड्याचा स्मृतिदिन लाल बावट्याचा म्हणून पाळला जातो. दोन्हीकडे मृतांची संख्या पाच, दोन्हीकडे सत्ता तीच, जिल्हाही तोच. तरी एक घटना राष्ट्राच्या इतिहासात आणि दुसरी एका पक्षाच्या इतिहासात नोंदली गेली. ही विभागणी साधनांत आपोआप झालेली नाही, आणि तिला गृहीत धरून लिहिलेला जिल्ह्याचा इतिहास तिचीच पुनरावृत्ती करतो.

(४)

तिसरे साधन ग्रंथ नव्हे. तो एक शब्द आहे. तारापूर येथील देशातील पहिले अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाले. बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये कार्यान्वित झाल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. या साऱ्या प्रक्रियेत एका मोठ्या लोकसमूहाला एक नाव मिळाले: प्रकल्पग्रस्त.

मराठीत 'ग्रस्त' हे पद पूर, दुष्काळ, भूकंप, रोग यांना जोडले जाते. पूरग्रस्ताला ग्रासणारा पूर असतो. त्याच्यामागे निर्णय घेणारा कोणी नसतो. 'प्रकल्पग्रस्त' या समासाने नकाशावर रेघ मारणारा, अधिसूचना काढणारा आणि मोबदला ठरविणारा कर्ता नाहीसा होतो आणि प्रकल्प हा निसर्गाच्या कोपासारखा येऊन कोसळतो. शासकीय भाषेतील 'प्रकल्पबाधित' हा पर्यायही फारसा वेगळा नाही. बाधा विषाची होते, भुताची होते. ती करणाऱ्यावर दावा लावता येत नाही, उतारा तेवढा मागता येतो. 'पुनर्वसन' या शब्दाने आधीचे वसणे आणि नंतरचे वसणे एकाच मोलाचे ठरतात. समुद्रालगतच्या गावातील माणूस आतल्या वसाहतीत नेला की तो पुन्हा वसला, असे व्याकरण सांगते. त्याच्या होडीचे काय झाले हे व्याकरणाच्या बाहेर राहते.

एवढ्यावर थांबले तर विरचनेचा एक नीटस पाठ तयार होतो आणि पुष्कळ शोधनिबंध येथेच थांबतात. परंतु या शब्दाचा वापर पाहिला की हा पाठ अपुरा ठरतो. 'प्रकल्पग्रस्त' असल्याचा दाखला हा नोकरीतील आरक्षणाच्या, मोबदल्याच्या आणि नागरी सुविधांच्या मागणीचा आधार आहे. ज्यांच्यावर हा शब्द लादला गेला त्यांनीच तो हाती घेतला, संघटनेच्या नावात घातला, मोर्चाच्या फलकावर लिहिला आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत वापरला. शब्दातून लोपलेला कर्ता त्यांनी प्रत्यक्ष व्यवहारात कचेरीच्या दारात उभा केला. स्पिवाक यांनी राजकीय गरजेपुरत्या स्वीकारलेल्या एकजिनसी ओळखीविषयी जे विवेचन केले आणि पुढे त्याच्या सैल वापराविषयी जी सावधगिरी व्यक्त केली, त्या दोन्हींचा प्रत्यय येथे येतो. दाखल्याच्या निमित्ताने खातेदार आणि भूमिहीन मजूर, जमीनमालक आणि मच्छीमार, भाऊ आणि बहीण यांच्यातले भेद झाकलेही जातात. कारण दाखला जमिनीच्या नोंदीमागून चालतो आणि समुद्राचा सातबारा नसतो.

म्हणून शब्दाची चिकित्सा करणाऱ्या संशोधकाने तो शब्द वापरणाऱ्याला अज्ञानी ठरविता कामा नये. सिद्धान्ताने येथे अर्धे काम केले. उरलेले अर्धे काम लोकांच्या वापराने केले आणि सिद्धान्ताला त्याची मर्यादा दाखविली.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. त्याआधी जनसुनावणी पार पडली. 'जनसुनावणी' या शब्दात जन ऐकतात की जनांचे ऐकले जाते, हे समास सांगत नाही. स्पिवाक यांच्या प्रश्नाचा गाभा बोलण्यापेक्षा ऐकले जाण्याविषयीचा आहे, हे समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. अशा सुनावणीत मच्छीमार स्त्री बोलते, तिच्या बोलण्याचे चित्रमुद्रण होते, आणि इतिवृत्तात ते 'आक्षेप' या रूपात येते व त्यापुढे प्रकल्पकर्त्याचे 'उत्तर' येते. बोलणे आणि आक्षेप यांच्यामध्ये काय गळले, हे पाहणारा संशोधक उद्याच्या इतिहासाच्या प्राथमिक साधनावर ते साधन घडत असतानाच काम करीत असतो.

(५)

या तीन उदाहरणांतून सिद्धान्ताच्या वापराचे तीन प्रकार हाती लागतात. देवी चळवळीच्या बाबतीत सिद्धान्ताने साधन मोकळे केले. तलवाड्याच्या बाबतीत साधनाने सिद्धान्तात भर घातली. तारापूरच्या बाबतीत लोकव्यवहाराने सिद्धान्ताला मर्यादा घातली. या तिन्ही प्रसंगी सिद्धान्त संशोधनाच्या अखेरीस जसाच्या तसा उरला नाही. प्रबंधाच्या अखेरीस सिद्धान्त सुरुवातीला होता तसाच शाबूत उरला असेल, तर त्याचा उपयोग झालाच नाही असे समजण्यास हरकत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी आहे. त्याने आधी सिद्धान्त नीट समजून घ्यावा हेच पुष्कळ झाले, असे म्हटले जाईल. हा आक्षेप वरवर व्यवहार्य असला तरी त्यात एक अन्याय दडलेला आहे. तलासरीच्या पाड्यावरून किंवा बोईसरच्या कामगार वस्तीतून शिक्षणाच्या पहिल्या पिढीत विद्यापीठापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला सिद्धान्त बहुधा इंग्रजी नावांच्या यादीच्या रूपात भेटतो. ती यादी त्याच्यासाठी परवलीच्या शब्दांसारखी असते. ती पाठ आली की प्रवेश मिळतो. त्या बदल्यात त्याने आपले गाव 'अभ्यासक्षेत्र' म्हणून, आजी 'निवेदक' म्हणून आणि घरातील भाषा 'बोलीचा नमुना' म्हणून सादर करायची असते. वंचितांच्या वाणीविषयीचा सिद्धान्त वाचता वाचता त्याची स्वतःची वाणी परिशिष्टात जाते. चिकित्सक म्हणविणाऱ्या सिद्धान्ताच्या नावाने हे घडावे, यात विसंगती आहे, आणि तिची जबाबदारी विद्यार्थ्यापेक्षा मार्गदर्शकांवर, परीक्षकांवर आणि प्रबंधाच्या रूढ साच्यावर अधिक येते.

याचा अर्थ असा नव्हे की त्या भूमीत जन्मलेल्याचे ज्ञान आपोआप प्रमाण ठरते. आतल्या माणसालाही आपल्या जागेची चिकित्सा करावी लागते. खातेदाराच्या घरातून आलेल्या अभ्यासकाला मजुराचा वृत्तान्त दिसत नाही आणि मुलग्याला आजीने न सांगितलेले ऐकू येत नाही. परंतु 'देवी' या शब्दात रोग, देवता आणि संचार एकत्र आहेत, हे कळण्यासाठी त्याला ग्रंथालयात जावे लागत नाही. सिद्धान्ताचे खरे अध्यापन या ठिकाणी सुरू व्हायला हवे: जे त्याला आधीच ठाऊक आहे ते ज्ञान का मानले गेले नाही, हा पहिला प्रश्न.

त्या दृष्टीने प्रबंधाचा क्रम उलटा करून पाहता येईल. आरंभी साधन ठेवावे: एखादा दाखला, इतिवृत्ताचे पान, आठवणीतला प्रसंग किंवा स्मारकावरील नावे. ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या शब्दांत घडविले याची तपासणी करावी. त्या तपासणीत जेथे अडेल तेथे गुहा, स्पिवाक, ग्राम्शी किंवा फुले यांच्याकडे जावे आणि मिळालेल्या प्रश्नासह परत यावे. सिद्धान्ताचे प्रकरण लिहायचेच असेल तर ते सर्वांत शेवटी लिहावे, आणि त्यात एकाच गोष्टीचा हिशेब द्यावा: या साधनाने त्या सिद्धान्ताचे काय केले.